रॉयल आयसिंग : भेटीच्या कुकीजचा साज

१४ फेब्रुवारीच्या 'व्हॅलेंटाइन डे'ला भेट देण्यासाठी घरी भाजलेल्या हृदयाकृती कुकीज सजविताना प्रामुख्याने रॉयल आयसिंग वापरले जाते. अंड्याचा पांढरा भाग व आयसिंग शुगर फेटून ते तयार होते. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जिवाणूंचा संसर्ग संभवतो; त्यामुळे मेरिंग पावडर वापरणे श्रेयस्कर. कुकीज पूर्ण थंड झाल्यावर घट्ट मिश्रणाने कडा रेखाव्यात आणि पाणी घालून सैल केलेल्या मिश्रणाने मधला भाग भरावा. लाल थर वाळण्यापूर्वीच त्यावर पांढरी नक्षी काढल्यास रंग एकमेकांत मिसळतात. आयसिंग पूर्ण वाळण्यास साधारण एक रात्र लागते. दमट हवेत त्याहूनही अधिक. म्हणून सजावट १२ तारखेलाच उरकावी. अन्यथा डब्यात एकावर एक रचताच सारी नक्षी पुसली जाते.