‘नॅव्हिगेशन’ आणि ‘नवगति’ : काही इंग्रजी शब्दांचे नाते व ऋण

इंग्रजीतील ‘नॅव्हिगेशन’ हा शब्द संस्कृत ‘नवगति’पासून आणि ‘नेव्ही’ हा ‘नौ’पासून निघाला, असे विधान आपल्याकडील व्याख्यानांतून व लोकप्रिय लेखनातून वारंवार केले जाते. भारतीय नौकानयन प्राचीन होते याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ती प्राचीनता सिद्ध करण्यासाठी हा शब्द साक्षीस बोलाविणे म्हणजे खोटा साक्षीदार उभा करणे होय, आणि त्यामुळे खरा पुरावा दुबळा होतो. म्हणून पाण्यावरून व हवेतून संथपणे जाण्याचा अर्थ सांगणाऱ्या काही इंग्रजी शब्दांचा इतिहास येथे तपासावयाचा आहे. शब्दांचे नाते निराळे आणि शब्दांचे ऋण निराळे, हा भेद मात्र सतत ध्यानात ठेवला पाहिजे. सख्ख्या बहिणींचे चेहरे सारखे असतात म्हणून एकीने तो दुसरीकडून उसना घेतला, असे कोणी म्हणत नाही.

प्रथम ‘नवगति’ हे रूपच पाहू. ‘नौ’ आणि ‘गति’ यांचा समास ‘नौगति’ असा होईल. ‘नवगति’चा सरळ अर्थ नवी गती एवढाच. पण मुख्य आक्षेप याहून मोठा आहे. इंग्रजीने हा शब्द सोळाव्या शतकात लॅटिनच्या भांडारातून घेतला. तेथील क्रियापद ‘नाविगारे’. त्याचा पूर्वार्ध ‘नाविस्’ म्हणजे जहाज, आणि उत्तरार्ध ‘आगेरे’ म्हणजे हाकणे, चालविणे. या ‘आगेरे’चा संस्कृतातील सगोत्र धातू ‘गम्’ नव्हे, ‘अज्’ होय. वेदभाषेत ‘अजति’ म्हणजे हाकतो. ‘गम्’चे नाते इंग्रजीतील ‘कम’ या अगदी घरगुती क्रियापदाशी जुळते. म्हणजे ज्या ‘ग’काराच्या सादृश्यावर ही व्युत्पत्ती उभी आहे, तो दोन्हीकडे निरनिराळ्या घराण्यांतला आहे. लॅटिन भाषकाने जे क्रियापद गुरांसाठी वापरले तेच जहाजाला लावले. आपल्या किनाऱ्यावरही गलबत ‘हाकारतात’. पण हे साम्य कल्पनेतले आहे, व्युत्पत्तीतले नव्हे.

‘नौ’, ‘नाविस्’ आणि ग्रीक ‘नाउस्’ ही तीन रूपे मात्र निःसंशय सगोत्र आहेत. २ फेब्रुवारी १७८६ रोजी विल्यम जोन्स याने कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या समान उगमाचे जे सूत्र मांडले, त्याला अशाच शब्दांचा आधार मिळतो. (ग्रीक ‘नाउस्’पासूनच ‘नॉशिया’ हा मळमळीचा शब्द निघाला. आपण ‘बोट लागली’ म्हणतो, त्यातला अनुभव तोच.)

याहून बोधप्रद उदाहरण ‘प्लु’ धातूचे आहे. संस्कृतात ‘प्लवते’ म्हणजे तरंगतो, ‘प्लव’ म्हणजे तराफा. ग्रीकात याच मुळाचे क्रियापद जहाजाने प्रवास करणे या अर्थी येते, तर लॅटिनात ‘प्लुइत्’ म्हणजे पाऊस पडतो. इंग्रजीत या घराण्याचे शब्द ‘फ्लो’, ‘फ्लोट’, ‘फ्लड’ व ‘फ्लीट’ हे होत. याकोब ग्रिम याने १८२२ साली मांडलेल्या नियमानुसार मूळ ‘प’काराचा जर्मानिक भाषांत ‘फ’कार होतो, ‘पितृ’समोर ‘फादर’ आणि ‘पाद’समोर ‘फूट’ उभे राहतात ते यामुळेच. ‘फ्लोट’ हा संस्कृतातून उसना आला असता, तर त्याचा ‘प’कार शाबूत राहिला असता. हा बदललेला वर्णच नात्याची साक्ष देतो आणि ऋण नाकारतो.

विशेष असे की, ‘फ्लाय’ म्हणजे उडणे हे क्रियापदही याच धातूच्या कंठ्यवर्ण जोडून वाढविलेल्या रूपातून आले आहे. संस्कृतातही ‘प्लु’ केवळ पाण्यापुरता राहिला नाही. झेप घेत जाणारा म्हणून वानर ‘प्लवंगम’ झाला. पाणी आणि हवा यांच्यामधील सीमा भाषेने विमानाच्या कितीतरी आधी ओलांडली होती.

वल्ह्याची कथाही अशीच. वैदिक ‘अरित्र’ आणि इंग्रजी ‘रडर’ एकाच मुळाचे असून दोहोंत साधनवाचक प्रत्ययही सगोत्र आहे. ‘रडर’चा प्राचीन अर्थ वल्हे हाच, सुकाणू हा अर्थ मागाहून आला, आणि आता विमानाच्या शेपटीवरील उभ्या फळीसही तेच नाव आहे. शिडाला मात्र असा समान शब्द सापडत नाही. इंग्रजी ‘सेल’ची भावंडे डच व जर्मनमध्ये आहेत, पण लॅटिनात ‘वेलुम्’, ग्रीकात ‘हिस्तिओन्’. या भाषांच्या पूर्वजांस वल्हे ठाऊक होते व शीड नव्हते, असे अनुमान यावरून काढले जाते; ते सावधपणेच स्वीकारावे, कारण शब्द लोप पावला म्हणजे वस्तू नव्हती असे ठरत नाही. पुढे वाफेवर चालणारी जहाजे आली, शिडे उतरली, तरी इंग्रजीत आगबोट ‘सेल’ होतच राहिली.

आता ऋणाकडे वळू. इंग्रज व डच यांच्यात १६५२ ते १६७४ या काळात तीन समुद्रयुद्धे झाली, आणि त्याच शतकात इंग्रजांनी डचांकडून ‘क्रूझ’ हे क्रियापद घेतले. डच ‘क्रॉइस’ म्हणजे क्रूस; शत्रूची वाट पाहत समुद्र आडवातिडवा छेदीत फिरणे हा ‘क्रूझ’चा मूळ अर्थ. आज त्यातून सुखासीन सहलीचा बोध होतो. ‘यॉट’ हा शब्द त्याआधीच्या शतकातला. त्याचे डच मूळ पाठलाग करणाऱ्या जहाजाचे. १६६० मध्ये अ‍ॅमस्टरडॅम शहराने दुसऱ्या चार्ल्सला ‘मेरी’ नावाची यॉट भेट दिली आणि शिकारी जहाज राजविलासाचे वाहन झाले.

१७८३ मध्ये माँगोल्फिए बंधूंचा फुगा फ्रान्समध्ये उडाला तेव्हा त्यातील प्रवाशास ‘एरोनॉट’, म्हणजे हवेतील खलाशी, हे नाव मिळाले. ‘पायलट’ हाही सुकाणूच्या वल्ह्याचे नाव असलेल्या ग्रीक शब्दापासून इटालियन व फ्रेंचमार्गे आलेला जहाजावरचाच माणूस. ‘ग्लाइड’ मात्र जुना देशी शब्द. त्यापासून ‘ग्लायडर’ हे यंत्राचे नाव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाले.

भारताकडून इंग्रजीने खरोखर घेतलेले शब्द यांहून साधे आहेत. तमिळ ‘कट्टुमरम्’, म्हणजे बांधलेली लाकडे, यापासून सतराव्या शतकात ‘कॅटमरान’ झाला. हिंदी-बंगाली ‘डिंगी’ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तसाच गेला. हे शब्द पंडितांनी दिलेले नाहीत, कोळ्यांनी व नावाड्यांनी दिलेले आहेत; म्हणूनच की काय, अभिमानाच्या यादीत त्यांना क्वचितच जागा मिळते. आपणही असेच ऋणी आहोत. ‘अरित्र’ ग्रंथात राहिले आणि आपल्या किनाऱ्यावर अरबी ‘सुक्कान’पासून आलेले ‘सुकाणू’ रुळले. ‘नाखवा’ हा फारसी ‘नाखुदा’, म्हणजे नावेचा धनी. त्यातला ‘ना’ आपल्या ‘नौ’चाच सगोत्र, पण इराणातून फिरून आलेला. त्याच ‘सुक्कान’पासून बनलेला सुकाणूदारवाचक फारसी शब्द आपल्या समुद्रावरील इंग्रजांनीही उचलला. त्याचे त्यांनी ‘सीकनी’ केले आणि लिहिताना पहिल्या अवयवास आपल्या ‘सी’चे, म्हणजे समुद्राचे, रूप दिले. ‘नवगति’ची घडण याच जातीची आहे.