शिट्टीची दोरी आणि बैलाचा कासरा

स्काउटच्या गणवेशात शिट्टीला बांधलेली विणीची दोरी आपल्यापैकी अनेकांनी गळ्यात घातली आहे. इंग्रजीत तिला लॅनयार्ड म्हणतात. चाकू किंवा शिट्टी समुद्रात पडू नये म्हणून खलाशी ती वापरत. तोफ डागताना ओढायची दोरीही लॅनयार्डच. १९०७ साली बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले शिबिर भरवले आणि या चळवळीबरोबर गाठी जगभरच्या शाळांत गेल्या. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था स्थापन झाली, तेव्हा आपली परभणी हैदराबाद राज्यात होती.

गाठींची विद्या मात्र इथे त्याच्या कितीतरी आधीपासून होती. श्रावण अमावास्येच्या पोळ्याआधी बाजारात वेसण, म्होरकी, कासरे, गोंडे यांचे ढीग लागत. शेतकरीही घरी दोर वळत, पण विकाऊ माल बहुतांशी मातंग कुटुंबांच्या हातचा. अंबाडीची धाटे पाण्यात कुजवायची, साल सोलून धुवायची, वाळवून वाख मोकळा करायचा आणि मग पीळ द्यायचा. सारी खुबी या पिळात आहे. प्रत्येक पेड एका दिशेने पिळायचा आणि सगळे पेड मिळून उलट दिशेने. दोन्ही पीळ सुटू पाहतात आणि एकमेकांना अडवतात. दोर टिकतो तो या भांडणावर! गोंड्याच्या मानेवर सुताचे घट्ट वेढे घेऊन टोक आत ओढून घेत, म्हणजे गाठ दिसत नसे. दोरीचे टोक उसवू नये म्हणून स्काउटला शिकवतात ते वेढे याच जातीचे.

बैलाच्या गळ्याला निरगाठ हवी, कारण ती सरकली तर फास बसेल. खुंट्याला सुरगाठ, कारण गोठ्याला आग लागली तर एका हिसक्यात सुटली पाहिजे. विहिरीत पडलेल्या माणसाच्या कमरेला बांधायची न सरकणारी गाठ स्काउटच्या तासाला शिकवत, तिच्यामागचा विचारही हाच.

फरक मोबदल्यात होता. शाळेत गाठ जमली की बिल्ला मिळे. गावात ती बांधणाऱ्याला बलुते म्हणून खळ्यावरचे धान्य मिळे, तेही लांबून पदरात टाकलेले. एकच काम एकीकडे कौशल्य ठरले, दुसरीकडे जात. ज्यांच्या घरी वाख वळला जाई असे मित्र आपल्या वर्गातही होते. गाठींच्या तासाला ते गप्प असत; दोरी मात्र सर्वांत आधी त्यांचीच पुरी होई. स्काउटिंगच्या इतिहासात ब्राउनसीला जागा आहे, तशी आपल्या स्मरणिकेत या घरांना असावी, म्हणून हे लिहिले.

विजेचे पंप आले आणि मोटेचा नाडा गेला. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले. अंबाडी आता बहुतेक घरांत भाजीपुरतीच उरली. पोळ्याचे कासरे अजून मिळतात, रंगीत आणि नायलॉनचे. नायलॉन गुळगुळीत असल्याने त्याची टोके उसवतात, म्हणून ती मेणबत्तीवर वितळवून चिकटवतात.