शेवटच्या क्रमांकाचे गीत आणि एका राजवटीचा अंत

१/ ६ एप्रिल १९७४, ब्रायटन, इंग्लंड. युरोव्हिजन गीतस्पर्धा स्वीडनच्या ‘आबा’ने जिंकली. पोर्तुगालच्या पाउलो दे कार्व्हालो यांच्या विरहगीताला अवघे ३ गुण मिळाले; संयुक्तपणे शेवटचे स्थान!

२/ अठरा दिवसांनी, २४ एप्रिलच्या रात्री १०.५५ वाजता, तेच गीत लिस्बनच्या नभोवाणीवर लागले. बंडखोर लष्करी अधिकाऱ्यांसाठी ती सज्ज होण्याची खूण होती.

३/ हेच गीत का? त्यात राजकारणाचा लवलेशही नव्हता. त्यामुळे गुप्त पोलिसांना संशय येणे अशक्य होते.

४/ दुसऱ्याच दिवशी १९२६पासूनची हुकूमशाही कोसळली. या राजवटीने १९६१नंतरही गोव्यावरील दावा सोडला नव्हता. नव्या पोर्तुगालने मात्र ३१ डिसेंबर १९७४ रोजी करार करून गोव्याचे भारतातील विलीनीकरण मान्य केले.