गर्भातली चरबी : एक न लिहिलेला इतिहास

दलितांचा इतिहास लिहावयाचा तर साधने कोठून आणावयाची, हा प्रश्न माझ्यासारख्या इतिहास शिकविणाऱ्या बाईला रोज पडतो. बखरीत आम्ही नाही. ताम्रपटात नाही. जुन्या दप्तरांत कोठे सापडलोच तर वेठीला धरलेले हात म्हणून सापडतो. मी वर्गात सांगते की, मागे राहिलेली कोणतीही खूण हे इतिहासाचे साधन असते. हे वाक्य मी बारा वर्षे सांगत आले. परंतु त्याचा अर्थ मला गेल्या वर्षी कळला, आणि तो एका सरकारी इस्पितळात कळला.

मला सहावा महिना होता. ग्लुकोजचे पाणी प्यायला दिले, दोन तासांनी रक्त घेतले. साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी कागदाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "मॅडम, तुम्ही तर काडीसारख्या. घरात कुणाला शुगर?" मी म्हटले, आईला. "त्या जाड आहेत?" नाही, तिचे वजन आयुष्यात पंचेचाळीस किलोच्या वर गेले नाही. डॉक्टर गप्प झाले. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये एक सहकारी हसत म्हणाले, "साखर हा खात्यापित्या घरचा आजार. आता तुम्हीसुद्धा आमच्यात आलात!"

त्यांच्या मनात वाईट नसेल. पण ते वाक्य मला बोचले. माझी आजी खडी फोडून जगली, माय लोकांच्या रानात खुरपून जगली, मी घराण्यातली पहिली पदवीधर. मग खात्यापित्यांचा म्हणून ओळखला जाणारा आजार न खाल्लेल्या आमच्या घरी कोणत्या वाटेने आला? इतिहासाच्या विद्यार्थिनीने जे करावे ते मी केले. मी वाचावयास बसले. जे हाती लागले ते आपल्या वाचकांपुढे ठेवते.

(१)

आईच्या रक्तातील साखरेचा आणि बाळाच्या अंगावरील चरबीचा संबंध कसा लागतो, हे १९५० नंतरच्या काळात डेन्मार्कमधील योर्गेन पेडर्सन या डॉक्टरने मांडले. १९२१ मध्ये टोरांटो येथे इन्शुलिन सापडले, तोवर मधुमेही बाईला दिवस जाणे म्हणजे बहुधा दोन जिवांचे मरण होते. इन्शुलिन आल्यावर या बाया जगू लागल्या, आणि त्यांची बाळे गुबगुबीत निपजतात हे डॉक्टरांच्या नजरेत भरू लागले. पेडर्सनने त्याची उकल केली ती अशी : आईच्या रक्तातील साखर वारेतून गर्भाकडे जाते, आईचे इन्शुलिन मात्र जात नाही. म्हणून जादा साखर आली की गर्भाचे इवलेसे स्वादुपिंड स्वतःच जादा इन्शुलिन तयार करते. आणि जादा इन्शुलिन म्हणजे चरबीचा साठा.

पुढे २००८ साली अनेक देशांतील सुमारे पंचवीस हजार गरोदर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, येथपर्यंत धोका नाही आणि येथून पुढे धोका आहे अशी स्पष्ट रेघ निसर्गाने ओढलेलीच नाही. आईची साखर पायरीपायरीने चढते तसतशी बाळाच्या अंगावरची चरबीही चढते. जिला कोणी मधुमेही म्हणणार नाही अशा बाईच्या बाबतीतही हे होते.

इथवर ठीक. परंतु ही धष्टपुष्ट बाळांची गोष्ट झाली. आमच्या वस्तीतली बाळे मुठीएवढी. त्यांचा चरबीशी काय संबंध?

(२)

हा प्रश्न घेऊन मी इंग्लंडात जाऊन पोहोचते ते एका नर्सबाईंच्या वह्यांपाशी. १९११ पासून हर्टफर्डशायर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड या मुख्य आरोग्यसेविकेच्या देखरेखीखाली जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे वजन वहीत लिहिले जाऊ लागले. गरीब-श्रीमंत, सगळ्यांचे. सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी डेव्हिड बार्कर या संशोधकाला त्या वह्या मिळाल्या. त्याने ती बाळे, म्हणजे आता म्हातारी झालेली माणसे, शोधून काढली. जन्मतः वजन कमी असलेल्यांत पुढे हृदयविकार आणि मधुमेह अधिक निघाला. पोटात असताना झालेली उपासमार शरीर विसरत नाही, हा त्याचा निष्कर्ष.

दुसरा पुरावा हॉलंडचा. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने अन्नाची वाट अडविली. शिधा दिवसाला हजार उष्मांकांच्याही खाली आला. पण त्या भुकेच्या दिवसांतही तेथील इस्पितळांनी बाळंतपणाच्या नोंदी ठेवल्या. म्हणूनच त्या दुष्काळात पोटात असलेली बाळे पन्नाशीची झाल्यावर त्यांची तपासणी करता आली. त्यांच्या शरीराला साखर नीट पेलत नाही, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले.

हे वाचताना माझे लक्ष निष्कर्षापेक्षा वहीकडे गेले. दोन्हीकडे कोणीतरी वजन लिहिले होते. गरिबाच्या बाळाचे वजन लिहिण्याच्या लायकीचे आहे, असे कोणाला तरी वाटले होते.

आता आपल्या १९७२ च्या दुष्काळाकडे पाहा. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. नालाबंडिंग, पाझर तलाव, रस्ते, खडी. बायका मोठ्या संख्येने होत्या आणि त्यांतल्या कित्येक पोटुशा होत्या. खायला लाल मिलो आणि सुकडी. बीड जिल्ह्यातल्या एका रस्त्याच्या कामावर माझी आजी होती, आणि माझी माय तिच्या पोटात होती. मस्टरवर हजेरी आहे. खडी किती ब्रास झाली याचे माप आहे, कारण त्या मापावर मजुरी ठरत होती. दगड मोजला गेला. पोटातले पोर कोणी मोजले नाही. जन्मल्यावरही मोजले नाही. मायची जन्मतारीख शाळेत घालताना गुरुजींनी एक जून लावून दिली. वजनाची गोष्टच सोडा.

हॉलंडचा दुष्काळ विज्ञानाचा पुरावा झाला, आणि आमचा दुष्काळ नुसत्या आठवणी होऊन राहिला. दोन्हींत फरक भुकेचा नव्हता, वहीचा होता.

(३)

आपल्याकडे ती वही उघडली गेली १९९३ मध्ये. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळची सहा खेडी निवडली. कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघर जात, बायकांना पाळीची तारीख विचारीत. दिवस गेले की आहार, काम, रक्त या सगळ्यांची नोंद होई, आणि जन्मताच बाळाचे माप घेतले जाई. ही नोंद त्या गावांतल्या सर्व थरांतल्या स्त्रियांची आहे, केवळ आमच्या स्त्रियांची नव्हे, हे येथेच सांगितले पाहिजे. परंतु तीत मला माझी माय दिसली.

या मातांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. बाळे सरासरी २.७ किलोची. त्यांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली, ती ३.५ किलोची. आपले बाळ प्रत्येक मापात लहानच होते, पण सगळीकडे सारखे लहान नव्हते. दंडाचे स्नायू नव्हते, पोटातली इंद्रिये भरलेली नव्हती. मात्र खांद्याच्या फऱ्याखाली चिमट्याने कातडीची घडी धरून मोजली तर तेथील चरबी जवळजवळ साहेबाच्या बाळाइतकी होती. नाळेच्या रक्तात इन्शुलिन, शरीराच्या लहानपणाच्या मानाने, जास्त होते. २००९ मध्ये पुण्याची आणि लंडनची बाळे एमआरआय यंत्राखाली पाहिली, तेव्हा पुण्याच्या हलक्या बाळांच्या पोटात चरबी अधिक आढळली. अशा बाळाला संशोधकांनी नाव दिले ते बारीक असूनही चरबीचे बाळ, अशा अर्थाचे. डॉक्टरांना माझ्यात जे कोडे दिसले त्याचे उत्तर या दोन शब्दांत होते. काडीसारखी बाई आतून चरबीची असू शकते, आणि त्याची सुरुवात पाळण्याच्याही आधी होते.

याच गावांतून आणखी गोष्टी बाहेर आल्या. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे, दूध अधिक वेळा खात होत्या त्यांची बाळे मोठी होती. ज्या शेतीची, पाणी वाहण्याची कष्टाची कामे अधिक करीत होत्या त्यांची बाळे लहान होती. ज्यांना मधुमेह नाही अशा मातांच्या रक्तातील साखर आणि स्निग्ध पदार्थ या दोहोंचा बाळाच्या वाढीशी संबंध होता. जवळपास दोनतृतीयांश मातांत ब-१२ हे जीवनसत्त्व कमी होते. ते वनस्पतीत नसते. दूध, अंडी, मासे, मांस यांतच असते. ज्या मातांत ब-१२ कमी आणि फोलेट हे दुसरे जीवनसत्त्व जास्त, त्यांच्या मुलांच्या शरीराला सहाव्या वर्षी इन्शुलिन सर्वांत कमी मानवत होते. अंडे ताटात यावे की नाही यावर येथे सोवळ्याओवळ्याच्या भाषेत वाद चालतो. त्या वादाचा हिशेब कोणाच्या शरीरात मांडला जातो ते यावरून समजावे.

(४)

आता मूळ मुद्द्याकडे येते. १९६२ मध्ये जेम्स नील या अमेरिकन शास्त्रज्ञाने असे सुचविले की, मधुमेह हा काटकसरी जनुकांचा परिणाम असावा; उपासमारीत टिकलेल्या पूर्वजांकडून तो रक्तातून आला असावा. १९९२ मध्ये हेल्स आणि बार्कर यांनी उलट बाजू मांडली : काटकसर पिढीजात रक्तात असण्यापेक्षा ती गर्भाला पोटात शिकावी लागते. अन्न कमी येते तेव्हा गर्भ मेंदू वाचवितो, स्नायू सोडतो, आणि पुढे अन्न मिळाले तर ते साठविण्याच्या बेताने जन्माला येतो. अनुवंशाचा वाटा असतोच, तो नाकारण्याचे कारण नाही. पण हा वाद शास्त्रज्ञांपुरता नाही. रक्तात आहे म्हणणे आणि ताटात नव्हते म्हणणे, यांतला फरक आम्हाला दुसऱ्या कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. जातिव्यवस्था हजारो वर्षे हेच सांगत आली की, माणूस जन्मतः जो असतो तो पूर्वकर्माने असतो. सहाव्या रात्री सटवाई कपाळावर लिहून जाते आणि ते पुसता येत नाही.

जन्मतः शरीरावर काही लिहिलेले असते, हे विज्ञानही म्हणते. पण ते लिहिणारी सटवाई नव्हे. ते लिहितो बाईला सर्वांत शेवटी वाढणारा घरातला पुरुष, सातव्या महिन्यात तिच्या डोक्यावर पाटी देणारा मुकादम, आणि खडी मोजून पोर न मोजणारे सरकार. मुलीच्या पोटातली बीजे ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे आजी खडी फोडीत होती तेव्हा तिच्या पोटातल्या मायच्या पोटात, ज्यापासून मी झाले ते बीज तयार होत होते. यावरून माझ्या आजाराचे कारण सिद्ध होते असे मी म्हणत नाही. एका माणसावरून शास्त्र ठरत नाही. पण तीन पिढ्या एका घमेल्याखाली होत्या, एवढे तरी खरे.

येथे एक धोका आहे. या संशोधनाचा अर्थ उद्या सासू, नवरा आणि डॉक्टर मिळून असा लावतील की, पोराला रोग आईनेच दिला. नवे कर्मविपाक अशानेच जन्माला येतात. म्हणून स्पष्ट सांगितले पाहिजे की, जे आईच्या शरीरातून आले ते आईने केलेले नाही.

आणि लिहिलेले पुसता येते याचाही पुरावा आहे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत गरोदर राहण्यापूर्वीपासून स्त्रियांना रोज पालेभाजी, फळे, दूध घातलेला खाऊ दिला गेला. दुसऱ्या गटाला बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. पहिल्या गटात गर्भारपणातील मधुमेह ७.३ टक्के स्त्रियांना झाला, दुसऱ्यात १२.४ टक्के. बाळांचे वजन मात्र सरसकट वाढले नाही; तीन पिढ्यांचे देणे एका खाऊने फिटत नाही. तरीसुद्धा आईची साखर ताटाने बदलली, ही काही लहान गोष्ट नव्हे.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून तिचा भार सरकारने उचलला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. बार्करच्या साठ वर्षे आधी त्यांनी आईच्या विश्रांतीला राष्ट्राच्या हिशेबात धरले होते. १९२९ मध्ये कायदा झाला. त्यात कारखान्यातली बाई आली; खडीवरची बाई त्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनीही बाहेरच होती. आज उसाच्या फडावर पोटुशी बाई मोळी उचलते तेव्हा ती कोणत्या वहीत आहे?

माझी मुलगी झाली तेव्हा वजन दोन किलो सहाशे भरले. चरबी मोजण्याचा चिमटा आमच्या इस्पितळात नव्हता. पण वजन लिहिले गेले, माझी साखर लिहिली गेली, आणि त्या कागदाची प्रत मी जपून ठेवली आहे. आमच्या घराण्यात जन्मताच मोजलेले पहिले बाळ ते. माझेसुद्धा वजन कोणी लिहिलेले नाही.

या वर्षी मी माझ्या विद्यार्थ्यांना एक काम दिले आहे. घरातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा : दुष्काळात कोणत्या कामावर होतात, कितवा महिना होता, काय खाल्ले, पोर केवढे झाले. सुरुवात मी आजीपासून केली. ती म्हणाली, "कितवा म्हयना व्हता ते कोन मोजतंय? वाकलं की पोट खडीला लागायचं, तेवढं ध्यानात हाय." आणि पोर केवढं झालं, असे विचारले तेव्हा तिने दोन्ही हात जुळवून ओंजळ केली आणि म्हणाली, "एवढी."

ते मी वहीत लिहून घेतले आहे. वाचकांनी आपल्या घरातले लिहून घ्यावे. त्या म्हाताऱ्या फार दिवस राहणार नाहीत.