एका मोटारीचे अनेक जन्म

आजीच्या पाटल्या मोडून सुनेच्या बांगड्या केल्या, तर सोने तेच राहते. पण पुढे नात ‘आजीच्या पाटल्या दाखवा’ म्हणू लागली, तर काय दाखवावे? मुलांना इतिहास शिकविताना हा पेच मला नेहमी पडतो. त्याचा नमुनेदार दाखला मला मिळाला तो मात्र गडकोटांत नव्हे, तर अमेरिकेतल्या शर्यतीच्या मोटारींत!

दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुण फोर्डच्या जुन्या, स्वस्त गाड्या घेत, जादा पत्रा काढून टाकीत, इंजिनाचा जोर वाढवीत आणि एल मिराजच्या कोरड्या तळ्यावर त्या भरधाव पिटाळीत. या गाड्यांना ‘हॉट रॉड’ म्हणत. १९४९ साली यूटा राज्यातील बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्यांचा पहिला वेग-सप्ताह भरला.

बॉब व डिक पिअर्सन या भावांची १९३४ ची फोर्ड त्यातलीच. समोरची काच निदान ७ इंच उंच हवी, असा नियम होता. ती किती कलती असावी, याविषयी नियम मुका होता. भावांनी छप्पर कापून खाली आणले आणि काच ५० अंशांनी मागे निजविली. वारा चुकला, नियमही राहिला! गाडीने ताशी १४० मैलांची मर्यादा ओलांडली.

पुढे ती अनेक हातांतून गेली. नव्या मालकांना वेग हवा होता, इतिहास नव्हे. इंजिने बदलली, साज बदलला. १९८० नंतरच्या दशकात टॉम ब्रायंट यांनी तीच गाडी ताशी दोनशे मैलांपलीकडे नेली. १९९० नंतर ब्रूस मेयर यांनी ती विकत घेतली आणि पीट चापूरिस यांच्या कारागिरांनी तिला पिअर्सन बंधूंच्या काळचे रूप परत दिले.

अशा गाडीचा माग काढणाऱ्याने इंजिनावर विसंबू नये. ते आज आहे, उद्या नाही. कापलेले छप्पर मात्र पुन्हा वाढत नाही. सांगाड्यावरची बुजविलेली भोके आणि जोडकामाचे वण जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहावे लागतात.

डोन स्पेन्सर यांच्या १९३२ च्या फोर्डची गोष्ट याहून अवघड. १९९७ साली पेबल बीचच्या मानाच्या प्रदर्शनात हॉट रॉडना प्रथमच स्वतंत्र वर्ग मिळाला आणि तिने पहिला क्रमांक पटकाविला. पण मेक्सिकोतील कारेरा पानामेरिकाना शर्यतीसाठी स्पेन्सर यांनी स्वतःच ती फिरून घडविली होती. १९५४ नंतर ती शर्यत बंद पडली आणि गाडी तिच्यात धावलीच नाही. आता कर्त्यानेच केलेला बदल भेसळ कसा म्हणावा?

मला वाटते, मूळ रूप आणण्याच्या हौसेपायी मधली वर्षे खरवडून टाकणे हाही इतिहासावर अन्यायच. जुने रूप खुशाल द्यावे. परंतु हत्यार लावण्यापूर्वी प्रत्येक थराचे छायाचित्र घ्यावे, काढलेला भाग जपावा, मधल्या मालकांची नावे टिपून ठेवावी. कारण शर्यती त्यांनीही धावल्या होत्या.