ब्लूटूथ ध्वनिग्राहक
खिशातल्या म्युझिक प्लेअरमधील किंवा मोबाइलमधील गाणी तारेविना घरच्या ध्वनिसंचावर ऐकवणारे छोटे उपकरण. लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरीने ते ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’ जागी जोडतात. प्लेअरशी ‘पेअरिंग’ सहसा एकदाच करावे लागते. ध्वनी २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवरून येतो. पाठवण्यापूर्वी तो आकुंचित होतो. त्यासाठीची एसबीसी पद्धत सर्व उपकरणांत असतेच, एएसी व एपीटीएक्स ऐच्छिक. घरगुती उपकरणांचा पल्ला साधारण १० मीटर. मधे भिंत आली की घटतो. आवाज किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे चित्रपटात ओठ आणि शब्द यांचा मेळ चुकू शकतो; नुसत्या गाण्याला त्याची बाधा नाही. जुना, दणकट ॲम्प्लिफायर मोडीत काढण्यापेक्षा त्याला हे उपकरण जोडणे केव्हाही श्रेयस्कर. प्लेअरचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवावा आणि कमी-जास्त ॲम्प्लिफायरवरच करावे.