देवाडिगा, रिशांक
मुंबईचा व्यावसायिक कबड्डीपटू. उजव्या-डाव्या कोपऱ्यांना चकवून बोनस गुण टिपणारा चढाईपटू म्हणून प्रसिद्ध. प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हापासून पहिले चार हंगाम तो यू मुंबा संघाकडून खेळला. २०१५ च्या विजेत्या संघात तो होता. २०१७ मध्ये यूपी योद्धाने त्याला घेतले. त्याच वर्षी जयपूर पिंक पँथर्सविरुद्ध त्याने एका सामन्यात चढाईचे २८ गुण मिळवले. तो तेव्हाचा लीगचा विक्रम होता. पुढच्या लिलावात त्याच्यावर १ कोटी ११ लाखांची बोली लागली आणि २०२१ च्या हंगामात तो बंगाल वॉरियर्सकडे गेला.

बोनसचे कसब वरकरणी सोपे दिसते. समोर किमान सहा बचावपटू असतानाच तो गुण मिळतो. बोनस रेषेपलीकडे पाऊल टाकताना मागचा पाय हवेत हवा आणि घोटा कोपरारक्षकाच्या हाती लागता कामा नये. पदलालित्यावर उभ्या असलेल्या या खेळाला धसमुसळ्या चढाईइतकी दाद मिळत नाही, हा अन्यायच आहे.

जानेवारी २०१८ मध्ये रिशांकच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने हैदराबादमध्ये सेनादलाला नमवून राष्ट्रीय विजेतेपद अकरा वर्षांनी परत आणले. जाकार्ता आशियाई स्पर्धेतील कांस्यविजेत्या भारतीय संघातही तो होता. लीगचा करार मर्यादित काळापुरता असतो. त्यामुळे भारत पेट्रोलियममधील नोकरीचा आधार मोलाचा ठरला.